पट्टणशेट्टी सरांची कळ्ळी

गुरुपाद पट्टणशेट्टी सर जिना चढताहेत हे मला दवाखान्यात बसल्या बसल्या कळायचं. आधी ‘शी!’ ऐकू यायचं, मग चपलांचा आवाज. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या त्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि दुसऱ्यावर माझा दातांचा दवाखाना. मी तिथं आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. सर त्याच्या कितीतरी आधीपासून होते. खाली दुकानं, फाटकाला लागून पानटपरी, आणि या सगळ्यांना मिळून एकच जिना. त्या जिन्यानं सरांचा जीव खाल्ला.

उंच, सडपातळ माणूस. कपाळावर विभूती, अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन रुमाल. एक तोंड पुसायला आणि एक जगाला हात लावायला. दाराची कडी, बसमधली दांडी, जिन्याचा कठडा, सगळं त्या दुसऱ्या रुमालानं. ते शहराजवळच्या गडमुडशिंगी गावात राहायचे आणि रोज सकाळी शहर बसनं यायचे. आल्यावर आधी साबणानं हात, मग कुणाला नमस्कार. हॉटेलचा चहा यायचा तो त्यांच्या स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात ओतून घ्यायचा, कप परत. मशीनवर बसण्याआधी प्रत्येक पोरापोरीची नखं तपासली जायची.

“ह्या बोटानं तू माझ्या मशीनचं बटन दाबणार? नाकात घालून आलास की काय? जा, धू जा.”

सरांचं मूळ गाव सीमेपलीकडचं. घरात कानडी, बाहेर आपली कोल्हापुरी मराठी. किळस अनावर झाली की मराठी कमी पडायची, मग ते ‘होलसु!’ म्हणायचे. होलसु म्हणजे घाण. पोरं त्यांना पाठीमागं ‘होलसु सर’ म्हणत. सरांना ते माहीत होतं.

हे सगळं सोवळं-ओवळं असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. एकदा एक पालक त्यांच्याकडं आले. आपल्या मुलानं अमक्या वस्तीतल्या पोरांच्या मशीनवर बसू नये, त्याला वेगळं मशीन द्यावं, असं अगदी हळू आवाजात सांगत होते. सरांचा आवाज मात्र वरपर्यंत आला. “त्या पोराची नखं बगा आणि तुमच्या पोराची बगा. शी! चला, उठा. घेऊन जावा त्याला. असलं बोलून वर हात पुढं करताय व्हय माझ्याकडं?” त्यांनी त्या गृहस्थांशी हात मिळवला नाही.

जिन्याचं प्रकरण असं होतं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक कोपरा होता आणि शेजारी गजांची खिडकी. पानटपरीवर तोंड भरायचं आणि त्या कोपऱ्यात रिकामं करायचं, असा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा नेम. भिंत कमरेपर्यंत लाल, त्याखाली तपकिरी, आणि अगदी खाली काळी. उन्हाळ्यात वास सुटायचा. तंबाखू-सुपारीचा मावा खाणारी माणसं माझ्याकडं दात दाखवायला येत आणि वर यायच्या आधी तिथं थुंकून, तोंड साफ करून येत. मला त्याची सवय झाली होती. सरांना शेवटपर्यंत झाली नाही.

इमारतीच्या मालकांनी एकदा उपाय काढला. देवांच्या चित्रांच्या फरश्या आणल्या. मिस्त्री सिमेंट कालवायला बसला आणि सर बाहेर आले.

“काय चाललंय?”

“देवाच्या फरश्या बसवतोय, सर. मग कोण थुंकतंय बघतो,” मालक म्हणाले.

“त्या कोपऱ्यात देव? त्या घाणीत?” सर म्हणाले. “थुंकणाऱ्याला लाज न्हाय, म्हणून देवाला राखण बसवताय? तुमीच बसा की तिथं, मालक.”

मालक चिडले. “मग तुम्ही काढा की दुसरं काय असलं तर!”

सरांनी दुसरं काढलं. पुढच्या आठवड्यात ते गावाकडच्या बांधावरून निवडुंग घेऊन आले. हाताएवढ्या लांबीचा, मनगटाहून जाड, सरळसोट खांबासारखा तुकडा. अंगावर उभे कंगोरे आणि प्रत्येक कंगोऱ्यावर काट्यांचे झुबके. कानडीत निवडुंगाला कळ्ळी म्हणतात, तेच सरांच्या तोंडात. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय हाय? सर म्हणाले, कळ्ळी. कंडक्टरला ऐकू आलं ‘कळी’. “एवढी मोठी कळी कसली, पावणं?” म्हणून त्यानं पोतं चाचपलं आणि बोंबलला. मग रागानं त्यानं कळ्ळीचं वेगळं तिकीट फाडलं. सरांनी ते मुकाट घेतलं. तिकिटावरून कंडक्टरशी हुज्जत घालणाऱ्या माणसांचीही त्यांना किळस होती.

तुकडा त्यांनी लगेच लावला नाही. कापलेलं तोंड सुकू दिलं. “वलं लावलं की कुजतंय,” असं मला सांगितलं. मग सिमेंटच्या कुंडीत तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम, वाळू, थोडी माती. कोपरा घासून चुना मारला आणि कळ्ळी तिथं उभी केली.

काही महिने लोक बिचकले. काट्यांना, की सरांना, कोण जाणे. सरांचं दार वळणावरून दिसायचं आणि सरांना कोपरा दिसायचा. तोंड भरलेला माणूस वळणावर थांबला की आतून आवाज यायचा, “अं?” एवढंच. माणूस गिळून वर जायचा.

मग लोक सरावले. कुंडी म्हणजे आयतं भांडंच की. ते कुंडीत थुंकू लागले. काही थेट कळ्ळीवर. दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेतून लाल ओघळ खाली यायचा.

इथून सरांचं खरं काम सुरू झालं. घाण धुऊन काढायला बादलीभर पाणी पुरे, असं कुणालाही वाटेल. पण कळ्ळीला पाणी चालत नाही. जास्त झालं की बुडातून कुजते. त्यामुळे सर काठीला फडकं बांधून, ते ओलं करून पिळून, एकेक खाच वरून खाली पुसत. वरची बिघडलेली माती जुन्या चमच्यानं काढून कागदात गुंडाळत. नवी वाळू भुरभुरवत. तोंडाला रुमाल बांधलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक खाचेला एक ‘शी’. हे रोज सकाळी, पहिली बॅच यायच्या आधी. मी दवाखाना उघडायला यायची तेव्हा ते बहुधा निम्म्यावर आलेले असत.

“सर, टाकून द्या की ते,” मी एकदा म्हटलं.

“मग तिथं कोण ऱ्हाईल?” ते म्हणाले. “ती न्हाय तर तीच लोकं.”

एका उन्हाळ्यात ते माझ्याकडं कापूस आणि स्पिरिट मागायला आले. कळ्ळीच्या खाचांत पांढरे, पिठासारखे किडे झाले होते. आमच्या बहिणीनं सांगितलं होतं की तंबाखूचं पाणी मारलं की असले किडे जातात. मी तसं म्हटलं.

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना तंबाखू खायलाच सांगितली होती. “तंबाखूचं पाणी? तिला? अजून?”

कापसाचे बोळे करून, स्पिरिटात बुडवून त्यांनी एकेक किडा टिपला. त्यालाही कितीतरी दिवस गेले.

कळ्ळी वाढली. खिडकी एकाच बाजूला, त्यामुळे ती उजेडाकडं झुकायची. सर दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवत, म्हणजे कल सरळ व्हायचा. एका पावसाळ्यात ते काविळीनं घरी पडले, कुंडी फिरवायला कुणी नव्हतं, आणि कळ्ळी जी कलली ती कललीच. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, तिच्या अंगाभोवती धोतराचं कापड गुंडाळून त्यावरून पट्टी घेतली आणि खिडकीच्या गजाला बांधलं. घट्ट नाही. वारं आलं तर हलता यावं इतपत. बुडाचा हिरवा रंग हळूहळू गेला आणि तिथं झाडाच्या सालीसारखं तपकिरी, खरबरीत कातडं आलं.

“सर, वाळलंय हे,” एक मुलगी म्हणाली.

“वाळलं न्हाय. म्हातारं झालंय,” सर म्हणाले. “हात लाव, मऊ लागतंय काय बघ. मऊ लागलं तर काळजी.”

महापालिकेच्या निवडणुकीसारखं काहीतरी जवळ आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. चौकाचौकांत फलकांवर हात जोडून उभा असलेला एक तरुण पुढारी माझ्याकडं दाढ दाखवायला आला. सोबत चार-पाच जण. वळणावर थांबून तो कळ्ळीच्या शेंड्यावर नेम धरून थुंकला. सोबतचे हसले. सर बाहेर आले.

“पावणं, थांबा.”

“काय?”

“पुसा ते.”

“जिना तुमच्या बाचा हाय व्हय ओ?”

“न्हाय. तोंड तुमचं हाय. पुसा.”

पुढाऱ्यानं सरांकडं पाहिलं, मग सोबत्यांकडं पाहिलं आणि पुन्हा थुंकला. आता सरांच्या चपलांजवळ. मी वरून कठड्यावरून हे पाहत होते. खालची दुकानं, टपरीवाला, सगळे जिन्यात येऊन बघत होते. एक-दोघं हसलेसुद्धा.

सर आत गेले. फडकं घेऊन आले. त्यांच्यासमोरच, रोजच्यासारखं, शेंड्यापासून खाली पुसायला लागले. पुढारी थोडा वेळ उभा राहिला आणि मग वर आला. मी त्याला म्हटलं, आज मी पेशंट बघत नाही. तो गाल धरून, शिव्या घालत खाली गेला. नंतर मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या हसणाऱ्या दुकानदारांची. तीच माणसं दुसऱ्या दिवशी सरांना “नमस्कार, सर” म्हणत होती.

पुढं कॉम्प्युटर आले. इन्स्टिट्यूटची पोरं कमी होत गेली. एका विद्यार्थ्यानं सरांना सांगितलं की कॉम्प्युटरवर चुकलं तर पुसता येतं, कागद बदलावा लागत नाही. सरांनी नाक मुरडलं. “म्हंजे चुका करत जायाचं आणि पुसत जायाचं. वंगाळ.” तरी मशीनं ते रोज झाडत-पुसत होते.

सरांचा मुलगा महांतेश. त्याची आई तो प्राथमिक शाळेत असताना गेली. सरांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात स्वयंपाक पोरगाच करायचा, आणि चांगला करायचा. त्याच्या भेंडीच्या भाजीबद्दल सर म्हणाले होते, “चिकट नसती.” सरांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कुणाचं ऐकलं नाही. महांतेश गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात लेथवर होता. देखणा, हसरा, वडिलांसारखाच उंच. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी वाट वाकडी करून वडिलांचा डबा पोचवायचा. जिन्यात भेटला की “नमस्कार, डॉक्टरीणबाई” म्हणायचा, ओठ फारसे न उघडता. मी दातांची डॉक्टर. तरी मला वाटायचं, लाजाळू आहे.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. एका दुपारी सर त्याला घेऊन वर आले. “ह्याच्या तोंडात फोड आलीया. तिखट सोसंना झालंय. भाजीत मिरची घालायची बंद केलीया त्यानं, तवा मला कळलं.”

मी महांतेशला खुर्चीवर घेतलं. “उघड तोंड.”

त्यानं उघडलं. म्हणजे त्याला वाटलं त्यानं उघडलं. माझं एक बोट कसंबसं आत गेलं. गालांच्या आतून पांढरे पट्टे, हाताला दोरीसारखे ताठ. उजवीकडं खालच्या हिरडीला लागून जखम, तिच्या कडा उचललेल्या. मी आरसा बाजूला ठेवला.

“मावा?” मी विचारलं.

“आमच्या घरात न्हाय,” सर म्हणाले.

महांतेश छताकडं बघत होता.

“महांतेश, कधीपासून?”

“कॉलेजात असल्यापास्नं,” तो म्हणाला.

सर माझ्या स्टुलावर बसले. ते स्टूल त्यांनी रुमालानं पुसलं नाही. मग सरांनी, खालच्या आवाजात, एकच शब्द विचारला.

“जिन्यात?”

महांतेशच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहायला लागलं.

“रोज न्हाय, अप्पा.”

सर उठले. माझ्या बेसिनवर साबण लावून हात धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मग खाली निघून गेले. महांतेशला मी मिरजेच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. काय असू शकतं ते स्पष्ट सांगितलं. तो मान हलवत राहिला.

सर आठवडाभर आले नाहीत. मिरजेला तपासण्या चालल्या होत्या, तुकडा काढून पाठवला होता, अहवाल आला होता, मला ज्याची भीती होती तेच निघालं होतं. त्या आठवड्यात कळ्ळीकडं कुणी पाहिलं नाही. जिन्याला रान मोकळं मिळालं. कुंडी माव्याच्या प्लास्टिकनं, लाल चिखलानं भरली. कुणीतरी बांधलेली पट्टी तोडली, तशी कळ्ळी सगळा भार टाकून गजांवर कलंडली आणि गज तिच्या अंगात रुतला. मी पट्टी पुन्हा बांधायला गेले आणि वासानं मागं फिरले. मी, जी दिवसभर लोकांच्या कुजलेल्या दाढा काढते.

मग एका सकाळी मी आले तर सर वळणावर बसले होते. शर्टाच्या बाह्या वर. काठी नाही, चमचा नाही. कुंडीत कोपरापर्यंत हात घालून ते माती बाहेर काढत होते. लाल, चिकट, पुड्यांची कागदं मिसळलेली माती. दोन ओंजळी काढल्या की बाजूच्या बादलीत ओकत होते. तोंड पुसायचे, पुन्हा हात आत. मी खाली गेले, पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

थोड्या वेळानं महांतेश जिना चढून आला. तो सकाळी कधी येत नसे. कारखान्यातून रजा घेतली होती. खालच्या पायरीवर थांबला.

“अप्पा, सरका. मी काढतो.”

“हात लावू नको.”

“माझंच हाय ते, अप्पा.”

“तुझं हाय म्हणून न्हाय म्हणत,” सर म्हणाले. त्यांचा आवाज घसा खरवडून येत होता. “परवा तुझं आपरेशन हाय. तोंडात जखम उघडी हाय तुझ्या. ह्यात काय काय असंल. लांब उभा ऱ्हा.”

महांतेश लांब उभा राहिला. सरांनी कुंडी तळापर्यंत रिकामी केली, कळ्ळीची मुळं झटकली, बुडाला अंगठ्यानं दाबून पाहिलं. मऊ नव्हतं. नवा मुरूम, नवी वाळू. पाणी घातलं नाही. मग बाप-लेकांनी मिळून पट्टी बांधली. महांतेशनं लांबून, गजाकडच्या बाजूनं, टोक धरलं होतं.

मिरजेला त्याचा खालचा जबडा उजव्या बाजूनं काढला. मी भेटायला गेले तेव्हा नाकातून नळी होती आणि चेहऱ्याची एक बाजू ओळखू येत नव्हती. महांतेशचे मामा मुरगूडहून आले होते. मोठ्यानं रडले. पोराच्या पायांना हात लावून रडले. मग बाहेर गेले. मी निघाले तेव्हा ते दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. तळहातावर मावा मळत होते. आजूबाजूला अशीच माणसं, कुणाचा भाऊ आत, कुणाचा बाप आत, आणि भिंतीच्या कडेनं सगळीकडं लाल. सर औषधं घेऊन येत होते. त्यांनी मामांचा तळहात पाहिला.

“रडून रडून तोंड कोरडं पडलं व्हय, पावणं?”

मामा हात मागं घेऊन म्हणाले, “दाजी, टेन्शन आलंय ओ.”

“मुरगूडला जावा,” सर म्हणाले. “आत येऊ नका. त्याला वास येतोय अजून, नाक ठेवलंय त्याचं.”

घरी आणल्यावर मी गडमुडशिंगीला गेले. घर इतकं स्वच्छ होतं, की मी चपला अंगणातच काढल्या. सर नळीतून महांतेशला पातळ पेज भरवत होते. तोंडाचा कोपरा मिटत नव्हता, लाळ गळायची. तिला वास होता. सर प्रत्येक वेळी तोंड वाकडं करत, “शी” म्हणत आणि उकळून वाळवलेल्या फडक्यानं पुसत. महांतेशला ते ऐकू जात होतं. मला बरं वाटलं नाही. बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, “त्याच्यासमोर तसं म्हणू नका, सर. त्याला लागत असेल.”

“लागतंय की,” ते म्हणाले. “पण मला किळस येत न्हाय असं त्याला कसं सांगू? खोटं हुईल. येतीया. रोज येतीया. रातचं जेवण जात न्हाय मला.” मग म्हणाले, “त्याला म्हाईत हाय. मी शी म्हटलं न्हाय तर तो घाबरंल. म्हणंल, अप्पांनी आशा सोडली.”

पुढं दोन वर्षांत मालकांनी ती इमारत बिल्डरला दिली. आम्हाला सगळ्यांनाच जागा सोडायची होती. सरांची इन्स्टिट्यूट तोपर्यंत नावाला उरली होती. मशीनं कुणीतरी भंगारात नेली. सरांनी ती जाताना पाहिली, पण खाली उतरले नाहीत. कळ्ळीचं काय करायचं म्हटल्यावर मालक म्हणाले, तुकडे करा आणि टाका, वरचं छत गाठलंय तिनं.

सर आणि महांतेश गावाकडचा टेम्पो घेऊन आले. महांतेश आता बरा होता. बोलणं अस्पष्ट, पण हिंडत-फिरत होता, एका बाजूनं चावून भात खात होता. दोघांनी कळ्ळीला जुनी गादी आणि पोती गुंडाळली, दोरीनं आवळली, पट्ट्या सोडल्या. सर बुडाकडं, महांतेश शेंड्याकडं, दुकानातली दोन माणसं मध्ये. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दुकानदारांनी हात लावला असेल. अर्ध्या जिन्यात वळताना कड् असा आवाज झाला. ती मधोमध मोडली.

सगळे थांबले. महांतेश काहीतरी बोलला, मला कळलं नाही. सरांनी पोतं सोडलं आणि मोडलेल्या जागी बघायला वाकले. आत पांढुरका, ओला, घट्ट गर होता. त्यांनी बोटानं चाचपला. वास घेतला. मला हाक मारली.

“या, बगा. डाग हाय काय कुठं?”

मी पाहिलं. नव्हता.

“कायसुदिक न्हाय,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही. नाक मात्र मुरडलेलं नव्हतं. “एवढं थुकलं सगळ्यांनी. आत कायबी गेलं न्हाय.”

दोन्ही तुकडे टेम्पोत गेले. नंतर कळलं की त्यांनी ते सावलीत सुकवून अंगणात लावले. शेंड्याचा जगला. बुडाचा पहिल्याच पावसाळ्यात उघड्यावर कुजला. महांतेशनं तो खणून काढला आणि लांब नेऊन पुरला, कारण सरांना त्याचा वास सहन होत नव्हता.

त्यानंतर बरेच दिवस माझं त्यांच्याकडं जाणं झालं नाही. मी दवाखाना दुसरीकडं हलवला. कधीतरी फोन व्हायचा. सर फोनवरही थोडक्यात बोलायचे, समोरच्याची थुंकी तारेतून येईल अशी भीती असल्यासारखे. महांतेशला पुन्हा त्रास सुरू झालाय, दुसऱ्या बाजूला गाठ आलीय, एवढं एका फोनवर कळलं. अजून किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गडमुडशिंगीच्या शाळेत मुलांचे दात तपासायचं शिबिर होतं, तेव्हा दोघांना शेवटचं पाहिलं. शाळा सुटण्याच्या वेळी मी त्यांच्या गल्लीतून निघाले. अंगणात दगडावर, भिंतीला टेकून, महांतेश बसला होता. हाडांचा सापळा. डोकं मागं टेकवायला सरांनी त्याच्या पाठीशी दुमडलेली उशी ठेवली होती. समोर बादली. सर गुडघ्यांवर बसून त्याचं तोंड धूत होते. आता त्यांचं स्वतःचं वय झालं होतं. हनुवटीच्या जागी जे काही उरलं होतं त्याच्यावरून लाळ आणि रक्त त्यांच्या मनगटावर येत होतं, मनगटावरून कोपराकडं. ते तोंड फिरवत, डोळे मिटून एक श्वास घेत आणि पुन्हा धुवायला लागत.

मी फाटकाशी थांबले. त्यांनी पाहिलं.

“या, डॉक्टरीणबाई,” ते म्हणाले. “हात जोडता येत न्हाईत. भरल्यात.”

“असू दे, सर.”

“आत बसा. ह्याचं आटपतो.”

मी आत गेले नाही. तिथंच उभी राहिले. सरांनी बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, गार आहे का ते बघितलं, आणि दुसऱ्या हातानं महांतेशच्या कपाळावरचे केस मागं सारले. महांतेशनं डोळे मिटले आणि चेहरा वर केला.